ऐलय्याचे दोन पाय

ऐलय्या गौड तोंडाचा आधीच तिखट. त्यात कुणी खोटारडा म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. आणि नलगोंड्याकडच्या त्या अख्ख्या गावाने हल्ली त्याला तेच म्हणायचं ठरवलं होतं.

बावीस वर्षं हा माणूस रोज दोनदा ताडांवर चढला. एका सकाळी चढायचा दोर घसरला आणि तो कमरेला मागे खोचलेल्या स्वतःच्याच कत्तीवर, ताड छेदायच्या सुऱ्यावर, पाठीने आपटला. जीव वाचला, डावा पाय मात्र ओंडका झाला. काठी टेकून तो उजव्यावर उभा राही आणि डावा मागून ओढी.

अपंगत्वाचा कागद मिळाला तरच ताडी सोसायटीत त्याचं नाव राहणार होतं. नाहीतर त्याची झाडं दुसऱ्याला जाणार आणि घरची चूल विझणार.

तपासायला बसवला होता कोण, तर डोळ्यांचा डॉक्टर! त्याने डाव्या पायाला टाचणी टोचली. ऐलय्या कळवळून ओरडला. उजव्याला टोचली. हा गप्प.

“वा रे नटा!” डॉक्टर हसला. “हलत नाही तो दुखतो आणि हलतो तो दुखत नाही? पाठांतर उलटं झालं तुझं.” कागदावर ‘सोंग’ असा शेरा मारून तो मोकळा झाला. असल्याला डॉक्टर कुणी केला, देव जाणे.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या फिरदौसबाईंनी ऐलय्याला सगळं समजावलं होतं. मेंदूचा हुकूम कण्याच्या ज्या बाजूने उतरतो, त्याच बाजूच्या पायाला मिळतो. दुखण्याची, चटक्याची खबर मात्र कण्यात शिरताच पलीकडे जाते आणि दुसऱ्या बाजूने वर चढते. कत्तीने डावी बाजू कापली, म्हणून डाव्याचा हुकूम तुटला आणि उजव्याची खबर. बाई लिहून द्यायलाही तयार होत्या, पण त्यांच्या सहीला विचारतो कोण?

संध्याकाळी ताडीच्या मांडवात सोसायटीचा म्होरक्या पेंटय्या भेटला. हा बायकोचा सख्खा भाऊ; दोघे एकमेकांना ‘बावा’, म्हणजे मेहुणा, म्हणत.

“काय बावा, मेलेला पाय बोंबलला म्हणे!” मांडव खदखदून हसला.

“बावा, खबर पलीकडून जाते. त्या बाईंनी...”

“बाईचं राहू दे. उद्यापासून चढ झाडावर, नाहीतर झाडं सोड.”

ऐलय्याचं डोकं फिरलं. दातओठ खात तो हरभरे भाजणाऱ्या म्हातारीच्या चुलीपाशी गेला, डाव्या काखेतल्या काठीवर रेलला आणि अनवाणी उजवा पाय निखाऱ्यांत रोवला.

“बघा रे भडव्यांनो! हा हलतो ना? मग ओरडतो का बघा!”

चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. कातडं जळाल्याचा वास सुटला तशी माणसं ताडकन उठली. पेंटय्याने त्याला कवेत धरून मागे ओढलं.

“बस कर बावा! पटलं, पटलं! उद्या मी स्वतः येतो दवाखान्यात. तू चालत जाऊन दाखव, मी बघतो त्या डॉक्टरकडे.”

तेवढ्यात ऐलय्याची बायको सत्तव्वा धावत आली. तळवा पाहिला आणि तिने आधी भावाला ढकललं, मग नवऱ्याच्या छातीवर दोन्ही मुठी हाणल्या.

“कशाने चालेल रे हा? चालता पाय हाच होता!”