पटवून देणारा माणूस

माझ्या मद्रासच्या घरमालकांनी भिंतीला काही समजावून सांगितलं असतं, तर भिंतीनंही मान डोलावली असती. मूळचे तंजावरचे मराठी, आणि विहिरीवरचे पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत माझे वरिष्ठ. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी पुण्याहून तिथं नोकरीला गेलो आणि मैलापुरात त्यांच्याच माडीवर राहिलो. डायरेक्टरांपुढे काही मांडायचं असलं की तक्ते टांगून, छडी घेऊन उभं राहायचं काम त्यांचंच. मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसत, तेव्हा हे काळा कोट घालून तासभर बोलत. घाम फुटे तो ऐकणाऱ्यांना. आधी मिरपूड घातलेलं ताक, बोलताना खिशात हात नाही, आणि नजर कायम समोरच्याच्या कपाळावर. "डोळ्यांत पाहिलं की भीड पडते," ते मला शिकवत, "आणि भीड पडली की आवाज पडतो."

तालीम घरी चाले, बायकोपुढे. त्यांना मी तिथल्या रिवाजानं मामी म्हणत असे. मामींचं इंग्रजी बेताचंच. पण तांदूळ निवडता निवडता त्यांचा हात थांबला, की हे ते वाक्य बदलत. एकदा नव्या पंपाची महती अशी रंगली की शेजारच्या तमिळ आजोबांनी कुंपणावरूनच एक पंप सांगून टाकला. त्यांच्या घरी विहीर नव्हती.

मग कंपनीनं एग्मोरचा दुरुस्तीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. घरमालकांची उमेदवारी तिथंच झालेली. तिथला फोरमन त्यांचा तेव्हापासूनचा मित्र. प्रस्ताव यांनीच मांडावा, असा साहेबांचा हुकूम आला. त्यांनी आधी नकार दिला. मग वाटलं, दुसरा कोणी बोलला तर नुसतं कुलूपच लागेल. आपण बोललो तर कामगारांना कंपनीच्या दुसऱ्या, नव्या कारखान्यात घ्यायचंही डायरेक्टरांच्या गळी उतरवू. त्या तालमीत मामींचा हात बराच वेळ थांबलेला मी पाहिला. "माणसांचं आधी सांगा की," त्या म्हणाल्या, "बाकी अस्कं मागून." अस्कं म्हणजे सगळं. यांनी ऐकलं नाही. हिशेब आधी पटू दे, मग मन आपोआप वळतं, असा त्यांचा सिद्धांत होता.

सभेच्या दिवशी तक्ते उलटायला मी शेजारी उभा होतो. ते इतकं सुंदर बोलले, की कारखाना बंद करण्यात कंपनीचं कल्याण आहे हे मलाही पटलं. शेवटच्या तक्त्यावर कामगारांची व्यवस्था होती. मी त्याला हात घातला तोच अध्यक्ष उठले. पुढं काही सांगायची गरजच नाही, म्हणाले. यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. घरमालक म्हणाले, अजून थोडं राहिलंय. पण खुर्च्या सरकल्या होत्या, कोणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोरमन घरी आला. घरमालक उठून उभे राहिले, आणि हा माणूस शब्द शोधताना मी पहिल्यांदाच पाहिला. "मी सांगणार होतो," एवढंच तमिळमध्ये म्हणाले. फोरमन म्हणाला, "ठाऊक आहे. बसा." मामींनी कॉफी आणली. दोघांनी ती निवू दिली.

त्यानंतर ते तक्त्यांपुढे उभे राहिले नाहीत. कित्येक महिने सुट्टीच्या दिवशी गिरण्यांच्या, गॅरेजांच्या दारांत जाऊन कामगारांसाठी शब्द टाकत. मी बरोबर जाई. तिथं ते अडखळत, एकच गोष्ट दोनदा सांगत. काहींना काम मिळालं. फोरमनला नाही, तो गावी निघून गेला.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा ते सेंट्रल स्टेशनवर पोचवायला आले. गाडी हलली तशी खिडकीच्या गजावर हात ठेवून बरोबर चालत राहिले. मग फलाट संपला.