वहिनींच्या मोबाईलमधला दादा

हूटगळ्ळीच्या वेबसाइटवाल्यानं मला फसवलं, आणि माझ्यामार्फत माझ्या वहिनींना.

सायकलवरून अगरबत्ती विकत मी दुकान उभं केलं. सौद्यात मला कुणी गुंडाळत नाही. त्याच्याशीही मी भांडलो ते वेगावरून: पान चुटकीसरशी उघडलं पाहिजे. त्यानं प्रत्येक पानाची दाबून लहान केलेली प्रत मूळ पानाशेजारी क्लाउडवर ठेवली. बघणाऱ्याला ती हलकी प्रत जाते, म्हणून झटकन उघडते. पहिल्याच पानावर गल्ल्यावर बसलेला माझा थोरला भाऊ हसत होता.

दादा गेला. तेराव्यानंतर मी वेबसाइटवाल्याला सांगितलं, पानावरच्या फोटोला हार घाल. आमच्यात बिनहाराचा फोटो म्हणजे माणूस हयात.

"आयतु काका, झालं," म्हणत त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवलं. चंदनाचा हार, खाली कैलासवासी. मी वहिनींना तसं कळवलं.

मग गिऱ्हाईकं विचारू लागली, "दादा दिसत नाहीत? आत्ताच साइटवर बघितलं." एकानं मोबाईल पुढं केला. हार नव्हता. माझ्या डोक्यावर, भिंतीवर, तोच फोटो हारासकट होता.

मी तडक कुवेंपुनगरला वहिनींच्या घरी गेलो. वहिनींनी मोबाईल डब्याला टेकवून उभा केला होता. त्याच्यासमोर कॉफीचा लोटा, वाफाळता. भिंतीवरच्या फोटोचा हार खाली उतरवलेला.

"हळू बोला भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही घातलेला हार त्यांनी काढून टाकलाय. बघा."

अंगणात येऊन मी वेबसाइटवाल्याला फोन लावला.

"अय्यो काका, मूळ पान बदललं, दाबलेली प्रत जुनीच राहिली. आत्ता बदलतो."

"मग मला काय दाखवलंस?"

"माझ्या लॅपटॉपवरचं. साइट उघडून बघितली नाही."

"आता वहिनींचं काय?"

"त्यांच्या मोबाईलनं जुनं पान साठवून ठेवलंय. वेगासाठी मीच तशी सोय केली होती. ते तिथंच पुसावं लागेल."

आता सगळ्या जगाला हार दिसतो. वहिनींना नाही. मी हात पुढं केला, तर त्यांनी मोबाईल पदराखाली घेतला.

"परत घालायला आलात?"

कॉफी त्या रोज ठेवतात. लोटा उचलतात तेव्हा तो रिकामा असतो, असं त्या सांगतात. मी विचारत नाही.

त्यानं फोनवर माफी मागितली. मला ती नको. त्यानं इथं यावं, वहिनींसमोर बसावं, आणि हार कुणी काढला ते त्यांच्या तोंडावर सांगावं.