पाठमोरे दाजी

आमच्या दाजींइतका पाठमोरा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचा चेहरा कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर अक्काला क्षणभर आठवावं लागलं असतं. पाठ मात्र तिनं डोळे मिटून काढून दाखवली असती. दाजींची फौजेतली वर्षं सोडली तर दोघांची हयात पलूसजवळच्या उसात गेली, आणि उसाच्या बांधावरून दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. दाजी पुढं, अक्का दहा पावलं मागं. बांध संपून डांबरी सडक लागली तरी हा क्रम मोडायचा नाही. दाजी बोलत पुढं जायचे, ती मागून ‘व्हय’ म्हणायची. ‘व्हय’ आलं नाही तर दाजी वळत नसत, फक्त आवाज चढवत.

लेक-जावई स्वित्झर्लंडला स्थायिक झाले आणि ही दोघं तीन-तीन महिने तिकडं राहू लागली. तिथले डोंगर दाजींना पसंत पडले. जरा जास्तच झाडलोट केलेले आहेत, एवढीच तक्रार. वाटेवरच्या पाट्यांवर चढायला किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. फौजी माणसानं त्याचा अर्थ हुकूम असा घेतला. पाटी दोन तास म्हणाली की दाजी पावणेदोन तासांत माथ्यावर, आणि तिथून मला फोन. “पंधरा मिनटं वाचिवली गड्या!” वाचवलेल्या मिनिटांचं ते पुढं काय करत, हे मी कधी विचारलं नाही. अक्का तेवढ्यात मागून येतच असायची.

एकदा अशाच एका रुंद वाटेवर तिथल्या एका म्हातारीनं अक्काला थांबवलं, खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. बरोबरच्या लेकीनं सांगितलं, “आई, ती विचारतीय, तुमचं भांडण झालंय का? काही मदत पाहिजे का?”

अक्का पदर तोंडाला लावून हसली. “सांग तिला, चांगलं चाललंय म्हणून तर मागनं चाललीया!”

लेकीनं हे त्यांच्या भाषेत कसं सांगितलं कोण जाणे. म्हातारी वळून वळून बघत गेली.

दाजींना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते हट्टानं अक्काच्या शेजारून चालू लागले. ती लाजून मागं राहायची, ते थांबायचे, की तीही थांबायची.

“आवं, व्हा की पुढं. लोक बघत्यात!”

“लोकांनी बघावं म्हणूनच चाललोय न्हवं!”

दोन तासांच्या वाटेला त्या दिवशी चार तास लागले. मला फोन आला नाही.

पुढं अक्काचं दुखणं निघालं आणि दोघं कायमची परत आली. उपचारांत दोन बरे महिने मिळाले. तेव्हा तिनं मेढ्याकडचा एक डोंगर चढायचा हट्ट धरला. “पर ह्या खेपंला मी पुढं,” म्हणाली. दाजींनी मान डोलावली. मी पायथ्याशी गाडीत पुस्तक वाचत बसलो. दिवस कलल्यावर दोघं उतरली.

“दाजी, पोचलात का वर?”

त्यांनी आधी अक्काला गाडीत बसवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “कुठलं वर! दर चार पावलांवर बसतीया. ह्ये फूल बघा, ही मुंगी बघा. मला वाटलं, दम लागतुया. दम न्हवं रं. ती पयल्यापासनंच आसं बघत येत हुती. मला काय ठावं?”

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही.

आता दाजींना एका फुलाचं नाव हवंय. त्या दिवशी डोंगरावर अक्कानं दाखवलेलं, निळं, बारकं. तिनं नाव सांगितलं तेव्हा यांचं लक्ष माथ्याकडं होतं. मी रानफुलांचं पुस्तक घेऊन पलूसला जातो. दाजी चष्मा लावून चित्रं बघतात, मी नावं वाचतो. आभाळी. कारवी. सीतेची आसवं. प्रत्येक नावाला ते कान देतात आणि म्हणतात, “ह्ये बी न्हाई. ती निराळंच काय तरी म्हनली हुती.”

अक्काला फुलांची नावं येत नव्हती. लहानपणापासून ती मनाला येईल ते नाव ठेवायची. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही. मी पान उलटतो.