मास्तरांची मापवही

माझ्या कमरेचा घेर शेजारच्या मास्तरांना ठाऊक आहे, माझ्या नवऱ्याला नाही. एकदा त्याने माझ्यासाठी गुपचूप कोट शिवायला टाकला आणि सहज माप विचारलं, तर मास्तर म्हणाले, "कापड ठेवा आणि निघा." बायकांचे कपडे शिवणारा इतका तोंडाचा घट्ट, म्हणून तर दुकान चालतं. मी तोंडाची सैल आहे, तेव्हा पुढचं माझ्याकडून ऐका.

मापांच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा मास्तरांच्या भाचीने सगळी मापं संगणकावरच्या मापवहीत चढवून दिली. पासवर्ड मास्तरांनी निवडला. लग्नाच्या वेळचं वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, माप: खांदा, कंबर, उंची, ओळीने आकडे. मेलला तोच, विजेच्या बिलाला तोच, बटणं मागवायच्या साइटलाही तोच. गिऱ्हाइकाच्या बाहीत अर्ध्या सुताचा फरक न खपवणारा माणूस, आणि इथे एका मापात साऱ्या गावाचे कपडे.

गेल्या आठवड्यात त्या बटणांच्या साइटवरून लोकांचे पासवर्ड फुटले. दुसऱ्या सकाळी मास्तरांना सूचना आली, मापवहीत अनोळखी संगणकावरून कुणीतरी शिरलंय. मी ड्रेसची चेन बदलून घ्यायला गेले होते. मास्तर हातात कात्री धरून नुसते बसलेले.

"दोनशे बायकांची मापं," ते म्हणाले. "नावानिशी. आता कुठल्या तोंडाने टेप हातात घेऊ?"

"माझं वाचून चोर पळाला असेल."

हसले नाहीत. तेव्हा मात्र मी भाचीला फोन लावला.

भाची कामावरून तडक आली. आधी त्या आगंतुकाला बाहेर काढलं, मग पासवर्ड बदलायला घेतला. ब्राउझरने आपणहूनच एक पुढे केला. अक्षरं, आकडे, चिन्हं, नुसत्या चिंध्या.

"हे कुणाच्या अंगाला बसणार?" मास्तर.

"कुणाच्याच नाही, मामा. म्हणून तर घ्यायचा."

"लक्षात कसा राहील?"

"ब्राउझर ठेवेल लक्षात. दर ठिकाणी वेगळा बेतून देईल. तुम्ही फक्त हा संगणक उघडायचा आकडा सांभाळा, आणि तो मलाही सांगू नका. या मावशींना तर नाहीच."

मी चेनकडे बघत बसले. मास्तरांचं बोट काही बटणावर जाईना.

"जुन्यात एवढं काय अडकलंय?" म्हणत भाचीने तो मोठ्याने वाचला. वहिनी आतून बाहेर आल्या. शिंप्याचीच बायको ती, आकडे ऐकताच ओळखले.

"कंबर सव्वीस? माझी? कधीची गोष्ट ही?"

"रोज दुकान उघडताना टाइप करायचो," मास्तर खाली बघत म्हणाले. "बरं वाटायचं."

वहिनी टेबलावरचे दोरे गोळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते तुमच्यापाशीच असू द्या. जगाच्या दाराला कशाला टांगता?"

मास्तरांनी बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत अकरा पासवर्ड बदलले.

"झालं तर मग," मी म्हटलं. "आता गप्प बसा. कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय ना," वहिनी म्हणाल्या.

पण मास्तर बोलले ते माझ्या भीतीने नव्हे, हे मला मान्य करावं लागेल. तीन दिवस ते एकेका बाईला फोन करून झालेलं सांगत होते, चूक आपली म्हणत होते. दोघी रागावल्या, एकीने कापड परत नेलं. गिऱ्हाइकांतल्या कडक मुख्याध्यापिकाबाईंना करायचा फोन त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवला होता. मी मुद्दाम तिथेच बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मास्तर, नवीन पासवर्ड काय आहे?"

"मला माहीत नाही, बाई."

"मग ठीक. उद्या कापड घेऊन येते. आणि माप नव्याने घ्या. चोराने नेलं ते आता मला बसत नाही."