तेलाचा दुसरा कॅन

"या लोकांना ना, ऑफरचा वास येतो," काकू मागून माझ्या कानाशी म्हणाल्या. मग हसल्या. मीही हसावं म्हणून थोडं थांबल्या.

या लोकांना म्हणजे माझ्या आईला.

आई रांगेत माझ्यापुढे उभी होती. तिच्या ट्रॉलीत पाच लिटर तेलाचा एक कॅन. माझ्या ट्रॉलीत दुसरा. आमच्या दोघींच्या मधे तिने मुद्दाम अंतर सोडलं होतं. ठरल्याप्रमाणे आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो.

ठरलं असं होतं. गंगापूर रोडच्या त्या मोठ्या दुकानात तेल स्वस्त लागलं होतं. बोर्डवर भाव ठळक अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात, 'एका कुटुंबास एकच'. म्हणून आम्ही दोन कुटुंबं झालो. आमच्या सातपूरच्या गल्लीत सगळ्याच बायका असं करतात. सासू एका रांगेत, सून दुसरीत. संध्याकाळी ओट्यावर बसून हसत हसत एकमेकींना सांगतात. आईने बसमधून उतरतानाच बजावलं होतं, "आत गयं की मन्हाकडे देखू नको." आईचं माहेर सटाण्याकडचं. घरात ती अहिराणीच बोलते. मी मराठीत उत्तर देते.

बाबा एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. ओव्हरटाइम बंद झाला आणि घर गुपचूप आकसत गेलं. फोडणीचा आवाज लहान झाला, एवढंच. बिस्किटांचा पुडा त्याच किमतीचा, आत बिस्किटं कमी. साबणाच्या वडीला मधे खळगा पडलेला. आई वडी हातात धरून म्हणाली होती, "आते साबन बी उपाशी शे." आम्ही खूप हसलो होतो. त्या दिवसांत तेवढंच.

दोन रांगांत उभं राहायचं होतं. पण इतक्या काउंटरांपैकी एकच चालू होता. म्हणून आई पुढे, मी मागे. आणि माझ्या मागे या काकू.

काकू म्हणजे शाळेतल्या माझ्या मैत्रिणीची आई. त्यांनी मला लगेच ओळखलं, गालाला हात लावला, काय करतेस, कुठल्या कॉलेजला, सगळं इंग्रजीत विचारलं. मीही इंग्रजीत उत्तरं दिली. माझं शाळेतलं इंग्रजी आपोआप बाहेर येतं, मऊ आणि नम्र. आई दोन हातांवर ते ऐकत होती.

"आमचा ड्रायव्हरपण आहे बघ मागे," काकू डोळा मिचकावून म्हणाल्या. "त्यालाही एक कॅन घ्यायला लावलाय. काय करणार, महागाई!"

त्यांनी केलं की ती हुशारी होती.

इतक्या वर्षांत काकूंनी माझ्या आईला एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणार कशा? शाळेच्या प्रवेशाच्या मुलाखतीला आई आली होती. मॅडमनी तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. आई नुसती हसली. मॅडम बाबांकडे वळून म्हणाल्या, "मुलीला घरी इंग्लिश वातावरण लागेल. तुमचं जरा कठीण दिसतंय." प्रवेश मिळाला. पण त्या दिवसापासून आई कधी गेटच्या आत आली नाही. गेटच्या अलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे थांबायची. "तू जाय पुढे. मी आठेच उभी शे." मी पुढे जायचे.

म्हणजे दुकानात जे केलं त्याची सवय आम्हाला तेव्हापासून होती.

आईचा नंबर आला. बिलिंगवरची मुलगी माझ्याच वयाची. तिने न बघता विचारलं, "मोबाईल नंबर?"

आईने घडाघडा नंबर सांगितला. एकदाही न अडखळता.

माझा नंबर.

तिला स्वतःचा नंबर पाठ नाही. तो तिला कुणी विचारतच नाही. गॅस, रेशन, बँक, लाइट बिल, सगळीकडे माझाच दिलेला आहे. मेसेज इंग्रजीत येतात, वाचणारी मी. नंबर म्हटलं की तिच्या तोंडी माझाच येतो.

माझ्या हातातला फोन वाजला.

"मावशी, ओटीपी सांगा."

आईने पर्समधून तिचा छोटा बटनांचा फोन काढला. बघितलं. "आला नही."

"आलाय. नीट बघा ना."

आणि तिला कळलं. ते मला तिच्या मानेवरून कळलं. मान ताठ झाली. तिने फक्त वळायचं होतं. मी तिथेच होते, आकडे माझ्या स्क्रीनवर होते. ती वळली नाही. रिकाम्या फोनची बटनं दाबत राहिली. बघून झालं की पुन्हा बघायची.

"टिपिकल," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नंबरवर ऑफर लाटायची. मग आपल्यासारख्यांना काही उरत नाही."

आपल्यासारख्यांना. त्यात मी होते.

सुपरवायझर आला. "कुणाचा नंबर दिलाय हा? सोबत कोण आहे तुमच्या?"

आई घाबरली की तिची शहरातली मराठी गळून पडते. ती खाली बघत म्हणाली, "मन्हासंगे कोनी नही."

"मावशी, मराठीत बोला ना," बिलिंगवरची मुलगी म्हणाली.

रांगेत हशा पिकला. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

माझी आई समोर एकटी उभी होती. मला वाचवण्यासाठी मला नाकारत होती. आणि तिला हसणाऱ्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

मी खांदा काढून घेतला. मी फार कमी बोलते. वर्गातही कधी हात वर केला नाही. आवाज फाटलेला निघाला, पण निघाला.

"ही मन्ही माय शे."

घराबाहेर मी अहिराणी कधी बोलले नव्हते. घरातही नाही. हसणं थांबलं. मी पुढे जाऊन आईच्या शेजारी उभी राहिले आणि ओटीपीचे आकडे एकेक करून वाचले.

सुपरवायझरने आधी आमच्याकडे आणि मग माझ्या ट्रॉलीकडे बघितलं. "म्हणजे एकच घर. मग एकच मिळेल. बोर्ड वाचता येत नाही का?" त्याने माझ्या ट्रॉलीतला कॅन उचलला आणि काउंटरच्या मागे ठेवला.

मी मागे, ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. त्याची नोकरी होती. मी बोट दाखवलं नाही.

काकूंचा चेहरा उतरला होता. "अगं, मला खरंच कल्पना नव्हती," त्या म्हणाल्या. मग समजूत काढावी तसं, "पण तू अजिबात तशी वाटत नाहीस गं!"

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

"मी तशीच आहे, काकू."

दारावरच्या तपासणीतून आम्ही बाहेर पडेपर्यंत काकूंचं आणि त्यांच्या ड्रायव्हरचं, दोघांचंही बिल झालं होतं. दोन कॅन गाडीच्या डिकीत गेले. कुणी काही विचारलं नाही.

बसस्टॉपपर्यंत आईने कॅनला मला हात लावू दिला नाही. एका बाजूला झुकून चालत होती. तिथे तो पायाशी ठेवला. मग म्हणाली, "दोन मिन्टं गप उभी राहती तर काय जातं तुनं?" आणि थोड्या वेळाने, हळू, "ती बाई काय म्हनी आते?"

तिला कॅन गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं हे होतं, की तिने इतकी वर्षं झेरॉक्सच्या दुकानापाशी उभं राहून जे सांभाळलं, ते मी एका वाक्यात उधळलं.

महिना संपायच्या आधी तेल संपलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी आणली, महाग. फोडणी देताना आई माझ्याकडे बघते. त्या बघण्यात माफी नाही. मीही मागितलेली नाही.

दुकानाने निदान बोर्ड लावला होता. शाळेने तेच न लिहिता सांगितलं होतं. इथे काही हवं असेल तर आधी आईला अनोळखी करा. ती माझ्याआधी ते शिकली, आणि इतकं चांगलं शिकली की वळायचंच विसरली.

तेल पुन्हा स्वस्त लागलंय. मी आईला सांगितलं, या वेळी एकच ट्रॉली घेऊ. ती मी ढकलेन. एकच कॅन आणू.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "मी एकलीच जासू."

जाऊ दे. मी मागच्या बसने जाईन. रांगेत ती कितीही पुढे असली तरी तिला हाक मारेन. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. माय म्हणून. मग त्यांनी तिच्या ट्रॉलीतला कॅनही काढून घेतला, तरी.