हातमोज्यांचा शनिवार

बाबांनी लोकांच्या घरी चहा घेणं सोडलं, त्याला तीनेक वर्षं झाली होती. आधी आम्हाला ते पथ्य वाटलं, मग तऱ्हेवाईकपणा, आणि शेवटी सरळ मिजास. कोणाकडे गेलं की ट्रे समोर यायच्या आधीच ते हात जोडायचे, "नको, मले आता चहा आवडतच नाही." आणि घरी आले की स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, उभ्या उभ्या, मोठ्या स्टीलच्या ग्लासातून चहा प्यायचे. शेजारच्या काकूंनी एकदा मला दारातच धरलं. "काय गं, तुझ्या बाबाले आमच्या घरची पत्ती चालत नाही का?" माझं तोंड एवढंसं झालं, आणि त्याचा राग मी घरी येऊन बाबांवर काढला. आमच्या घरात भांडण हा बोलण्याचाच एक प्रकार आहे, त्यामुळे कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. वर्धा-अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीमागे रायपुरात आलेल्या, गुढियारी भागातल्या मराठी घरांचं एक छोटंसं मंडळ आहे, आणि त्या मंडळाचा फळा कित्येक वर्षं बाबा लिहायचे. हळदीकुंकू कोणाकडे, सहलीची बस किती वाजता, आणि थंडीत रोडग्यांची पार्टी कुठे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तुपाची धार आणि शेजारी वांग्याची झणझणीत भाजी, एवढ्यासाठी आमची माणसं वर्षभर एकमेकांशी गोड वागतात. लोक सूचना वाचायला कमी आणि अक्षर बघायला जास्त थांबायचे, असं आई सांगते. आईला नवऱ्याच्या कौतुकात थोडं वाढवून सांगायची सवय आहे, पण मीही लहानपणी लोकांना थांबलेलं पाहिलंय. मग फळाही सुटला. "आता मोबाइल आहेत ना, फळा कोण पाहते?" म्हणाले. मोबाइल दिला तर तोही नको. तेच वाक्य, "मले नाही आवडत."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात एक वर्ग सुरू झाला. सहा शनिवार आम्ही वेबसाइट बनवायला शिकायचं, तीही अशी की ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात नीट चालत नाहीत, अशा कोणालाही ती वापरता यावी. मग आपण ट्यूटर व्हायचं, आणि एका खऱ्या माणसाला बसवून ती वापरायला शिकवायची. मी नाव दिलं ते प्रमाणपत्रासाठी आणि मधल्या सुट्टीत मिळणाऱ्या समोशासाठी. समाजसेवेचं खूळ माझ्या डोक्यात नव्हतं, हे कबूल करून टाकते.

साइट म्हणून मी मंडळाचं काम घेतलं. रोडग्यांच्या पार्टीला कोण येणार, किती जण, काय आणणार, हे सगळं लोकांनी घरबसल्या भरायचं. तीन शनिवारांत माझी साइट उभी राहिली आणि मी स्वतःवरच खूश झाले. फिक्या बदामी रंगावर नाजूक केशरी अक्षरं. मोहरीएवढे गोल, ज्यावर टिचकी मारायची. जन्मतारखेसाठी तर अशी यादी, की साल शोधायला खाली खाली सरकत जावं लागे. पार्टीला जन्मतारीख कशाला हवी, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. यादी दिसायला छान होती.

आम्हाला शिकवायला एक दीदी यायच्या. आवाज मऊ, पण नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी प्रत्येकाला फॉर्मच्या शेवटी एक रकाना ठेवायलाच लावला होता, 'तुम्हाला आणखी काही सोय हवी आहे का?' मला तो रकाना मुळीच आवडला नव्हता. माझ्या शेजारी बसणारी तेलीबांध्याची मैत्रीण घरी मराठी ऐकते आणि बोलते हिंदीत. तिला मी म्हटलं, "आमच्या मंडळात हे कोण भरणार? उगाच पान लांबून राहिलं." ती म्हणाली, "रख दे ना यार, नंबर कटेंगे." म्हणून ठेवला.

चौथ्या शनिवारी दीदींनी पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले. रायपुरात एवढे जाड हातमोजे लागतात कोणाला, ते त्यांनी कुठून आणले देव जाणे. "दो-दो जोड़ी पहनो, एक के ऊपर एक. माउस उल्टे हाथ में. और अपनी ही साइट का फॉर्म भरो." सगळा वर्ग हसला. पंजे फुगलेले, बोटं वाकत नाहीत, आम्ही एकमेकांचे फोटो काढायला गेलो तर फोनही धरता येईना. मीच सगळ्यांत जास्त हसत होते.

मग मी माझा फॉर्म उघडला. 'येणार' या शब्दाशेजारच्या गोलावर बाण नेला, तो बाजूला सरकला. पुन्हा नेला, 'येणार नाही'वर टिचकी बसली. साल शोधता शोधता यादी निसटून वर गेली. चौथ्यांदा हात घसरला आणि सगळा फॉर्मच पुसला गेला. कारण 'पाठवा' आणि 'पुसून टाका' ही दोन्ही बटनं मी अगदी खेटून ठेवली होती. माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. मी माउस ढकलला आणि भर वर्गात ओरडले, "मले नाही करायचं! मले नाही आवडत हे!"

वर्ग पुन्हा हसला. पण ते वाक्य माझं नव्हतं. शब्द, सूर, समोरची वस्तू ढकलायची पद्धत, सगळं बाबांचं होतं.

दीदी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "अच्छा नहीं लगता, या हो नहीं रहा?" मी हातमोजे काढले आणि बॅगेत घातले.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बाबांकडे नीट पाहिलं. एका घरात राहून तीन वर्षं मी पाहिलं नव्हतं, याची मला लाज वाटते, आजही वाटते. बाबा ओट्याकडे तोंड करून चहा पीत होते. ग्लास मोठा होता, पण चहा त्यात अर्धाच होता. दोन्ही हातांनी धरलेला तो ग्लास बारीक थरथरत होता. मग सगळंच उलगडत गेलं. कपबशी किणकिणते म्हणून लोकांकडे चहा नको. अक्षर बिघडलं म्हणून फळा नको. बोट भलतीकडे पडतं म्हणून मोबाइल नको. सदरा गेला आणि टी-शर्ट आला तो बटनांमुळे, आणि आम्ही मायलेकी समजत होतो की म्हाताऱ्याला तरुण दिसायची हौस आली! मला रडू आलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि आईला म्हटलं डोळ्यात साबण गेला.

आता मी काय करणार होते? "बाबा, तुमचे हात कापतात" असं जाऊन म्हणणं शक्य नव्हतं. जो माणूस तीन वर्षं एवढ्या कष्टाने एक गोष्ट लपवतो, त्याच्याकडून ती हिसकावून घ्यायची नसते. मला एवढंच हवं होतं की बाबांनी रोडग्यांना यावं. गेली दोन वर्षं ते आले नव्हते, आणि पार्टी दोन आठवड्यांवर होती.

मी साइट पाडून पुन्हा बांधली. अक्षरं काळी आणि ठसठशीत. मोहरी काढून टाकली, पूर्ण ओळच बटन झाली, ओळीवर कुठेही हात पडला तरी चालेल. जन्मतारखेचं भूत हाकललं. 'पुसून टाका' दूर नेलं, आणि दाबलं तर साइट आधी विचारते, नक्की पुसायचं का? माउस न धरता नुसत्या कीबोर्डवर सगळं भरता येईल असं केलं. टॅबची कळ दाबली की पुढची ओळ, आणि आपण कुठे आहोत ते दाखवायला ओळीभोवती जाड निळी चौकट. दीदींनी कॉम्प्युटरातली एक सोयही दाखवली, की थरथरत्या बोटाने एकच कळ लागोपाठ दोन-तीनदा दाबली गेली तरी अक्षर एकच उमटतं; ती मी घरच्या कॉम्प्युटरवर चालू केली. मैत्रिणीने बघून नाक मुरडलं. "पहले वाली ज्यादा सुंदर थी." मी म्हटलं, "हव, होती. कामाची नव्हती."

मग मी बाबांकडे गेले ती तक्रार घेऊन. "बाबा, मंडळाच्या साइटवर मराठीच्या चुका निघतील, लोकं हसतील मले. फळा लिहिणाऱ्याने एकदा तपासून दिलं तर बरं होईल." चुका काढायला बाबा केव्हाही तयार. चष्मा लावून बसले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, त्यामुळे कीबोर्डशी त्यांची ओळख होती. वैर होतं ते माउसशी, आणि माउस मी आधीच कपाटात ठेवला होता.

दोन चुका त्यांनी पहिल्या मिनिटात काढल्या. त्या मीच पेरल्या होत्या. तिसरी काढली ती मात्र माझी स्वतःची होती. मग म्हणाले, "भरून पाहू का, चालते का नाही?" टॅब. निळी चौकट खाली सरकली. टॅब. 'येणार'वर आली. त्यांचं बोट कळीवर थरथरलं, तीनदा बसलं, आणि कॉम्प्युटरने ते एकदाच धरलं. 'येणार' निवडलं गेलं. बाबा थांबले. पुन्हा टॅब. नाव टाईप केलं, हळूहळू, एका बोटाने, एकही अक्षर जास्तीचं न उमटता. त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि गालात हसू आलं. ते हसू मी पार्सल ऑफिसच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

"एवढी मोठी बटनं काहून केली गं?"

मी बॅगेतून हातमोजे काढून टेबलावर ठेवले. खोटं बोलायचं ठरवून आले होते, पण जमलं नाही. "दीदीनं हे घालून भरायले लावलं, बाबा. मले जमलंच नाही. मी चिडली, माउस फेकला, आणि म्हटलं मले नाही आवडत."

बाबा हातमोज्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही हात उचलून माझ्यासमोर धरले, काही न लपवता. ते कापत होते. "पोट्टे," ते म्हणाले, "मले चहा लय आवडते."

मी ते हात धरले. दोघंही रडलो आणि दोघंही हसलो. आई धावत आली, आणि सगळं ऐकून आधी आम्हा दोघांवर चिडली, मग स्वतःवर. दुसऱ्या दिवशी तिनेच बाबांना समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. हा आजार बऱ्याच जणांना होतो, घाबरण्यासारखा नाही, गोळीने थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं ते म्हणाले.

पण त्या दिवशी फॉर्म अजून संपला नव्हता. शेवटची टॅब दाबल्यावर चौकट त्या रकान्यावर आली, जो मी गुण कापले जाऊ नयेत म्हणून ठेवला होता. आणखी काही सोय हवी आहे का? मी म्हटलं, "बाबा, ते सोडलं तरी चालते. आणि जे भराल ते सगळ्यांले दिसते, तयारी करणाऱ्यांसाठी." "दिसू दे," बाबा म्हणाले. पाच मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं, 'हात कापतात. चहा अर्धाच भरावा.' शेवटी पूर्णविराम दिला, आणि 'पाठवा' दाबलं.

रात्री मी साइटची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली तर त्या रकान्यात अजून एक ओळ होती. 'मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची लागेल.' दुपारी, 'उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोलावे.' मग, 'दात नवीन आहेत, माझा रोडगा मऊ ठेवा.' एकाने लिहिलं, 'बायकोसमोर तूप वाढू नये.' आठवडाभरात तो रकाना सगळ्या फॉर्मपेक्षा लांब झाला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी जाणारी ही माणसं, आणि कोणाला काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. वर्गात मी तो रकाना मोठ्याने वाचून दाखवला. दीदी हसता हसता डोळे पुसत होत्या. मैत्रीण पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "मी पण येऊ का रोडगे खायला?"

पार्टी तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्यावरच्या एका बागेत होती. थंडीचं कोवळं ऊन, गोवऱ्यांचा धूर, खुर्च्यांची वेगळी रांग. बाबा सगळ्यांच्या मधे बसले होते, सदरा घालून. बटनं आईने लावली होती, आणि ते त्यांनी दोघातिघांना आपणहून सांगितलं. शेजारच्या काकू किटली घेऊन फिरत होत्या. बाबांसमोर आल्या, थांबल्या, आणि मोजून अर्धा कप भरला. बाबांनी दोन्ही हातांनी तो घेतला. कप थरथरला, दोन थेंब सदऱ्यावर पडले, आणि गप्पा चालूच राहिल्या. मी दूर रोडगे उलटत उभी होते, माझं सगळं लक्ष तिकडेच.

"चालते वाटते आमच्या घरची पत्ती," काकू म्हणाल्या.

बाबांनी रिकामा कप पुढे केला. "आता उरलेला अर्धा द्या."