मिलिमीटरचे तीन शतांश

मावशी माझ्याशी बोलते ती माझ्या गळ्याकडे बघत. हनुवटीखाली शीर उडते तिथे तिची नजर खिळलेली असते. पूर्वी मी वैतागायचे, "मावशी, तोंड वर आहे माझं!" आता गप्प बसते.

बावीस वर्षं तिने एका संशोधन केंद्रात हेच काम केलं. लोकांच्या मानेला थंडगार जेल लावायची आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर रक्तवाहिनीची भिंत किती जाड झाली ते मोजायची. हात इतका स्थिर की मोठे डॉक्टरसुद्धा तिच्या आकड्यापुढे तोंड उघडत नसत. घरी चहात साखर किती घालायची हे मात्र तिला आजतागायत जमलेलं नाही.

शेवटी शेवटी तिथे एका वनस्पतीच्या मुळापासून केलेल्या कॅप्सूलची चाचणी चालली होती. ती घेतली की रक्तवाहिन्या निरोगी राहतात, असा कंपनीचा दावा. तीनशे माणसं, दोन वर्षं. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत नुसती पिठी. कुणाला काय मिळतंय हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. मोजणाऱ्याने माप सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही, असा कडक नियम होता. एकट्या माणसाचा आकडा जरासा वरखाली होतच असतो. तीनशे जणांचे आकडे एकत्र आले की मगच काहीतरी कळतं.

त्यांत एक म्हातारा शिंपी होता. आडवा झाला की म्हणायचा, "ताई, आपण दोघंही मापाची माणसं. मला तरी सांगा की!" मावशी हसून विषय बदलायची. वर्षाच्या तपासणीला त्याचं माप तीन शतांश मिलिमीटरने कमी भरलं. एवढा फरक एकाच माणसाला लागोपाठ दोनदा मोजलं तरी पडतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी बोलून गेली, "झकास आहे, काका."

पाच महिन्यांनी त्याची बायको, म्हणजे काकू, केंद्रात आल्या. पक्षाघाताचा झटका येऊन काका गेले होते. उरलेल्या कॅप्सूल केंद्रात परत करायच्या असतात, म्हणून त्या पिशवी घेऊन आल्या होत्या. पिशवीत कॅप्सूलच्या बाटलीबरोबर रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

"या त्यांनी घेतल्या नाहीत?"

"तुम्ही झकास म्हणालात ना, त्या दिवसापासून बंद. म्हणाले, आता ही एक कॅप्सूल पुरे. शेवटचे महिने किती खुशीत होते, ताई! तुमचे उपकार आहेत."

मावशी म्हणते, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने त्याच दिवशी साहेबांना सगळं लिहून दिलं आणि नोकरी सोडली. पुढे निकाल लागला: खरी कॅप्सूल आणि पिठी यांत काडीचाही फरक नाही. काकांच्या वाट्याला पिठीच आली होती. कंपनी अजून खोक्यावर हिरवं पान छापून माल विकते, आणि झोप उडाली ती माझ्या मावशीची. माझा संताप होतो.

गेल्या महिन्यात काकू घरी आल्या. पत्ता शोधत, धापा टाकत.

"ताई, ती कॅप्सूल मलाही मिळवून द्या. मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात. अंगाला सोसत नाहीत."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मावशी नुसतं "डॉक्टरांना विचारा" म्हणाली असती तरी भागलं असतं. पण तिने सगळं सांगितलं. पिठी, तीन शतांश, स्वतःचं बोलणं.

काकूंनी पदराचं टोक चिमटीत धरलं.

"मग ते एवढे खुश कशावर होते?"

"माझ्या एका शब्दावर," मावशी म्हणाली.

काकू चहा न घेताच उठल्या. पुन्हा आल्या नाहीत. गोळ्या सुरू केल्या की नाही, हे मावशीला कोण सांगणार?